वासुकीचं कुलूपबंद लिनक्स

मॉनिटर फुटल्याचा आवाज झाला. वासुकी खुर्चीतून वळते न वळते तोच लोखंडी स्टँडचा दुसरा घाव तिच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. समोर तिचा सहकारी गणेशकुमार उभा होता. ओठ फुटलेला, शर्टाच्या गुंड्या तुटलेल्या.

"तीनदा सांगितलो तुम्हास, अक्का! तीनदा!"

तंजावूरची ती लहानशी कंपनी भातगिरण्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. बारा संगणकांची देखभाल वासुकीकडे होती. दोन वर्षांपूर्वी तिने हट्टाने सगळ्यांवर कंटेनरवालं लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी एक प्रणाली, चढवलं. मूळ प्रणालीला कुलूप, तिला कुणी हात लावायचा नाही. ज्याने त्याने आपलं काम कंटेनरमध्ये, म्हणजे जणू वेगळ्या खोलीत करायचं. खोली बिघडली तर टाकून द्यायची, नवी उघडायची. पूर्वी दर आठवड्याला एखादं यंत्र बंद पडायचं, ते थांबलं. वासुकीला याचा अभिमान होता, आणि त्या अभिमानापुढे ती कुणाचं ऐकत नसे.

गणेशकुमारचं काम निराळं. तांदळातला काळा दाणा हेरणारा कॅमेरा त्याच्याकडे होता. त्या कॅमेऱ्याच्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, मूळ प्रणालीतच बसवावा लागे, कंटेनरने भागत नसे. अपडेट आलं की तो बंद पडे. त्याने तक्रार लिहिली की वासुकीचं ठरलेलं उत्तर, "कंटेनरमध्ये टाका." तक्रार बंद.

त्या सकाळी पापनाशमच्या एका गिरणीत हे कॅमेऱ्याचं यंत्र चालवून दाखवायचं होतं. आदल्या दिवशी अपडेट आलं होतं. स्क्रीन काळीच राहिली. गिरणीमालकाने मजुरांदेखत गणेशकुमारची गचांडी धरून तोंडात मारली, त्याच्या माणसांनी लाथा घातल्या. गणेशकुमार बसने परतला तो थेट वासुकीच्या टेबलापाशी.

तिसरा घाव डोक्यावरच यायचा. वासुकीने सगळा जोर लावून टेबल पुढे ढकललं. ते त्याच्या मांड्यांवर आदळलं आणि तो कोसळला. मग तीच त्याच्यावर धावली. पोटात एक लाथ, दुसरी बरगड्यांत. शेजारच्या टेबलावरच्या भुवनाने तिला मागे ओढलं नसतं तर तिसरी त्याच्या गळ्यावर बसली असती. बसावी असंच तिला त्या क्षणी वाटत होतं.

हात प्लास्टरमध्ये असताना तिने त्या तिन्ही तक्रारी पहिल्यांदा पूर्ण वाचल्या. शेवटच्या तक्रारीत त्याने लिहिलं होतं, 'माझ्या एका यंत्रावर साधं लिनक्स द्या. गिरणीत माझा अपमान होईल.'

पोलिसांत दिलेली फिर्याद तिने मागे घेतली नाही. गणेशकुमारची आई सरस्वतीबाई दारात बसून रडल्या, तरी नाही. पण जबाबासोबत त्या तक्रारी तिने आपणहून जोडल्या, आणि गिरणीत त्याला झालेली मारहाणही लिहून घ्यायला लावली.

"अकरा यंत्रांना हेच योग्य आहे," तिने कंपनीचे मालक बाळकृष्णराव यांना सांगितलं. "बाराव्याला नव्हतं. तो सांगत होता, मी वाचलं नाही."

बाराव्यावर साधं लिनक्स तिनेच चढवलं. डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत.