सापुताऱ्याचं तळं आणि मागावरच्या खुणा

दिवाळीत सुरतेच्या डिंडोलीतली माणसं दोनच ठिकाणी जातात. एक तर गावाला, नाही तर गावाला. माग बंद पडले की उधना स्टेशनावर गोण्या, पेट्या आणि रडकी पोरं यांची एकच गर्दी उसळते आणि आमच्या गल्लीत फक्त कुत्री उरतात. आम्हीही लग्न झाल्यापासून तेच करत आलो. यंदा मात्र मी अमळनेरला सासूबाईंना फोन लावला आणि सांगून टाकलं, दिवाळीला येत नाही, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येऊ. पोरांना सापुताऱ्याला नेतोय.

सासूबाई म्हणाल्या, "डोंगर देखाले तथा जातस? आठे सातपुडा काय पळी गया का?" (डोंगर बघायला तिकडे जाता? इथला सातपुडा पळून गेला का?)

त्यांना मी खरं कारण सांगितलं नाही. कारण डोंगर नव्हता. कारण आमची गौरी होती. पाचवीत गेलेली ही पोरगी नवरात्रापासून आपल्या बापाशी बोलत नव्हती. भांडण नाही, रुसवा नाही. पप्पांनी विचारलं तर मान हलवायची, आणि काही हवं असलं की माझ्याकडे यायची. झालं होतं असं, की शाळेच्या गरब्यात ती पहिल्या ओळीत नाचणार होती. रात्रपाळीला निघालेल्या बापाला तिने दारात गाठून तिच्या त्या बारीक आवाजात सगळं सांगितलं, उद्या अकरा वाजता याच म्हणून. हे "हो हो" म्हणाले, डबा उचलला आणि गेले. दुसऱ्या दिवशी ती नाचताना दर फेरीला दरवाजाकडे बघत होती, आणि हे घरी झोपले होते.

त्यांनी ऐकलंच नव्हतं. वयाच्या पंधराव्या वर्षापासून मागावर उभे आहेत, त्या खटखटाटात कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही. आता ओठ बघून अंदाज बांधतात आणि बाकीच्याला "हो हो" म्हणतात. मला मात्र सक्त ताकीद, कानाचं कुणाला सांगायचं नाही, पोरांना तर नाहीच. बहिरा बाप म्हणून पोरं हसतील, हे त्यांचं म्हणणं. इकडे पोरगी समजून बसली की बापाला आपली किंमत नाही, तिकडे बाप समजून बसला की पोरीला मागवाल्या बापाची लाज वाटायला लागली. मी मधल्या मध्ये. तेव्हा विचार केला, दोघांना घराबाहेर काढावं. डोंगरावर निदान खटखट तरी नसेल.

सकाळच्या एसटीने निघालो. बारडोली येईपर्यंत उसाच्या गाड्या आडव्या येत राहिल्या आणि कारखान्याच्या मळीचा आंबूस वास बसभर पसरला. आमचा धाकटा ओम, वय वर्षं पाच, त्याने नाक दाबलं ते वाघई येईपर्यंत सोडलं नाही. वाघईनंतर घाट लागला, आणि नाक सोडून त्याने तोंड उघडलं. मी पिशवी पुढे करेपर्यंत उशीर झाला होता. माझी नवी साडी, दिवाळीची, तिची ओवाळणी अशी झाली.

पुढच्या सीटवरच्या एका डांगी बाईने मागे वळून पाहिलं, कमरेच्या पिशवीतून आवळा काढला आणि ओमच्या हातात दिला. ती काय बोलली ते मला सगळं कळलं, कारण तिची बोली आमच्या अहिराणीच्या चुलतबहिणीसारखी निघाली. आवळा चघळू दे, वर बघू नको, झाडाकडे बघ, असं काहीसं ती म्हणाली. सुरतेत मी तोंड उघडण्याआधी विचार करते, कुणाशी गुजराती, कुणाशी हिंदी. इथे अनोळखी घाटात एक अनोळखी बाई माझ्या आईच्या चालीवर बोलत होती. मला उगीचच भरून आलं. तिचं गाव आलं तेव्हा ती उतरली आणि ओमने बस सुटेपर्यंत तिला हात केला.

सापुतारा म्हणजे डोंगराच्या माथ्यावर ठेवलेलं एक छोटंसं गाव, आणि गावाच्या मध्यभागी तळं. पावसाळा नुकताच सरलेला, त्यामुळे चहूबाजूंनी गवत अजून हिरवं आणि तळं काठोकाठ. काठावर मक्याची कणसं भाजणारे, घोडेवाले, फुगेवाले. आमची खोली तळ्याच्या मागच्या चढावर होती. सामान टाकलं, दार लावलं. काहीच आवाज नव्हता. डिंडोलीत आमच्या भिंतीला भिंत लागून कारखाना आहे, पोरं त्या खटखटीवरच पाळण्यात झोपली. ओमने इकडे तिकडे पाहिलं आणि घाबरून विचारलं, "मम्मी, लूम बंद पडले?"

मला हसू आवरेना. हे मात्र पलंगावर आडवे झाले, उठले, पुन्हा आडवे झाले. मागवाल्याची झोप अशीच असते, माग चालू असला तर घोरेल आणि बंद पडून जमिनीचा हादरा थांबला की दचकून उठेल. शेवटी म्हणाले, चला, तळ्यावर जाऊ.

तळ्यात पायाने मारायच्या होड्या होत्या, हंसाच्या तोंडाच्या. गौरीने लगेच ठरवलं की ती माझ्याबरोबर बसणार. ओमला पाण्याची भीती वाटली, तो बापाचा पाय धरून उभा राहिला. मग ते दोघं काठावर थांबले, भाकरी-ठेच्याची पिशवी सांभाळत, आणि आम्ही मायलेकी नारिंगी जाकिटं घालून निघालो. होडी सुटताना यांनी उजवा तळवा छातीवर ठेवला. मी मान हलवली.

पाण्यावर गार वारा होता. पाय मारत मारत आम्ही बऱ्याच आत गेलो. मागे वळून पाहिलं तर काठावर सगळ्यांचे नातेवाईक ओरडत होते, हात तोंडाला लावून, आणि वारा सगळं उलट्या बाजूला नेत होता. एकटे हे शांत उभे होते आणि हातवारे करत होते. आधी अंगठा ओठाला लावला. मग दोन बोटं कैचीसारखी हलवली. मग मिशीला पीळ दिला.

"पप्पा शुं करे छे?" गौरीने विचारलं. (पप्पा काय करताहेत?) या तळ्यावर तिने बापाबद्दल काढलेला तो पहिला शब्द.

मी तिला सांगितलं. कारखान्यात एवढे माग एकदम चालतात की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. अंगठा म्हणजे चहा. कैची म्हणजे धागा तुटला. मिशी म्हणजे शेठ आले, नीट उभे राहा. लग्न झाल्यावर मी डबा घेऊन कारखान्याच्या दाराशी जायची, तेव्हा त्यांनी मला यातल्या काही खुणा शिकवल्या होत्या. आत्ता पप्पा विचारत होते, चहा घेऊ का, की तुमचा धागा तुटला? मिशीचा शेठ म्हणजे काठावर त्यांच्या मागून येणारा शिट्टीवाला, जो होड्यांना लांब जाऊ देत नाही.

गौरी हसली. मग हसता हसता थांबली. पोरगी हुशार आहे, तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. "म्हणजे तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही? रोज? एवढी वर्षं?"

मी ताकीद आठवून जोरात पाय मारू लागले, आणि तेच उत्तर झालं.

नेमकी तेव्हाच होडी अडली. माझा पदर. जिच्या नवऱ्याने आयुष्यभर "पदर खोच, माग खाईल" म्हणून कानीकपाळी ओरडावं, त्या बाईने तळ्यात जाऊन पदर पॅडलमध्ये घालावा. मी ओढला तर आणखी गुंतला. पाय मारला तर आणखी आत गेला, आणि मी पुढे वाकून पॅडलला नमस्कार घातल्यासारखी अडकून पडले. वारा होडीला पलीकडच्या पाणगवताकडे नेऊ लागला. गौरीचा चेहरा पांढरा पडला. शिट्टीवाला शिट्ट्या मारत होता, काठावरचे लोक ओरडत होते, आणि त्यातलं एक अक्षर आमच्यापर्यंत पोचत नव्हतं. मला मान वर करता येईना.

"गौरी, पप्पांकडे बघ," मी म्हणाले. "ते काय करताहेत ते मला सांग."

ती वळली. सांगू लागली. पप्पांनी दोन्ही तळवे पुढे केलेत. म्हणजे थांब, पाय काढ. आता एक हात हळूहळू गोल फिरवताहेत, पण उलटा. मला कळलं. मागावर धागा अडकला की आधी माग थांबवायचा, मग हाताने चाक उलटं फिरवायचं, ओढायचं नाही. मी तिला तेच सांगितलं. तिच्या बाजूचं पॅडल तिने हाताने धरलं आणि बापाच्या हाताकडे बघत, तो फिरवेल तसं, उलटं फिरवलं. तो थांबला की थांबली. पदर वीतभर सुटला, मग हातभर, मग सगळा बाहेर आला, ग्रीसने काळा झालेला.

गौरीने उभं राहायचं नसतं हे विसरून उभं राहून काठाकडे पाहिलं. यांनी पुन्हा तळवा छातीवर ठेवला.

"हे काय?"

म्हटलं, एखादा कामगार चहाला निघाला की शेजारचा अशी खूण करतो. तू जा, तुझे माग मी बघतो.

काठाला लागलो तेव्हा ओम पिशवीतल्या अर्ध्या भाकऱ्या माकडांना देऊन मोकळा झाला होता. म्हणून संध्याकाळी तळ्याजवळच्या एका टपरीत जेवलो. नागलीची (नाचणीची) गरम भाकर, उडदाची डाळ, लसणाची चटणी. टपरीवाल्या मावशी ताटात न विचारता तूप सोडत होत्या. मी इतक्या समाधानाने कधी जेवले ते मला आठवत नाही, आणि त्या मावशींचं मी आजही भलं चिंतते.

गौरी बापासमोर जाऊन बसली. शेजारी नाही, समोर, तोंड दिसेल असं. आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "पप्पा, तुम्हाला माझं गरब्याचं ऐकू आलं नव्हतं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीकडे पाहिलं. मग ते घरच्या बोलीत म्हणाले, "नही उनं, बेटा. इतला वरीस मागजोडे राहीसन कान गयात मना. माले वाटनं, तुले बापनी लाज वाटस." (नाही आलं. इतकी वर्षं मागाजवळ राहून माझे कान गेले. मला वाटलं, तुला बापाची लाज वाटते.)

गौरीला अहिराणी कळते, पण बोलता येत नाही असं ती नेहमी सांगते. त्या संध्याकाळी ती बोलली. "नही वाटत," एवढंच म्हणाली, आणि ताट बाजूला सारून टपरीसमोरच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. टाळ्या वाजवत, गाण्याशिवाय, तिने तो अख्खा गरबा बापाला नाचून दाखवला. ओमही मध्ये घुसला. मावशी भाकरी थापायच्या थांबल्या. हे रडत होते आणि मला म्हणत होते की चटणी तिखट आहे.

दुसरा दिवस त्या दोघांनी खुणा बनवण्यात घालवला. बागेत, पायऱ्यांवर, परतीच्या एसटीत. आईस्क्रीमची खूण, गणिताच्या मास्तरांची खूण, मम्मी चिडली याची खूण, जी मला अजून कुणी समजावून सांगितलेली नाही. बारडोलीजवळ मळीचा वास आला तेव्हा ओमने नाक धरलं आणि तीही एक खूण ठरली.

एक गोष्ट मला परत आल्यावर कळली. प्रवासाला जाताना मी शांतता शोधत होते, पण उपयोगी पडली ती खटखटाटात जन्मलेली भाषा. ज्या मागांनी यांचे कान नेले, त्यांनीच हातात हे बोलणं ठेवलं होतं. मागांचे आभार मानावेत इतकी मी भोळी नाही. तळ्याचे मानते, आवळ्याच्या बाईचे मानते, आणि वाऱ्याचे, ज्याने त्या दिवशी कुणाचाच आवाज पोचू दिला नाही.

सुट्टी संपली. गल्ली पुन्हा भरली आणि भिंतीपलीकडची खटखट सुरू झाली. ओम त्या आवाजाने लगेच झोपी गेला. संध्याकाळी हे रात्रपाळीला निघाले, डबा घेऊन गल्लीच्या टोकाशी पोचले आणि सवयीने वळून पाहिलं. गौरी गॅलरीत उभी होती. तिने उजवा तळवा छातीवर ठेवला. तुम्ही जा, इकडचं मी बघते.