टेकडीवरचे दोन डबे

चंपतराव धकाते आमच्या वीजखात्यात वायरलेस मेकॅनिक होते. घराणं उमरेडच्या विणकरांचं. वडिलांचा हातमाग बंद पडला तेव्हा चंपतराव नागपूरला आले आणि रेडिओ दुरुस्ती शिकले. मी कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. शेजारच्या खोलीत बसून ह्या माणसानं वर्षभरात माझ्याशी दहा वाक्यंसुद्धा बोलू नयेत, ह्याचा मला फार राग यायचा. पण त्यांच्याइतकं डोकं आमच्या आख्ख्या ऑफिसात कुणाला नव्हतं, हे मी तेव्हाही म्हणत असे आणि आजही म्हणते.

ही गोष्ट सत्त्याहत्तर सालची. रामटेकच्या टेकड्यांपलीकडे आमची मोठी लाइन जायची. दुरुस्तीला गेलेल्या जीपमध्ये वायरलेस सेट असे, पण टेकडी आडवी आली की तो मुका व्हायचा. म्हणून सगळं घड्याळावर चाले. अकरा ते चार लाइन बंद, चारच्या ठोक्याला सुरू. तोवर टॉवरवरची माणसं खाली उतरलीच पाहिजेत. त्या माणसांत माझा धाकटा भाऊ जयवंता होता. साडेतीन वाजले की मी घड्याळावरची नजर काढत नसे.

चंपतरावांनी साहेबांकडे दोन मोडक्या जीपमधले सेट मागितले. एक सेट फक्त ऐकेल, दुसरा तेच जोरात पुढे बोलेल. दोन्ही टेकडीवर ठेवले की पलीकडचा आवाज नागपुरात आणि नागपूरचा पलीकडे. साहेब हसले. "भंगारातून आकाशवाणी काढता काय?" म्हणाले, पण सेट दिले.

टेबलावर दोन्ही सेट शेजारी ठेवले, तर दुसरा बोलायला लागला की पहिला ठार बहिरा. तीन आठवडे चंपतराव त्या दोन डब्यांसमोर बसून होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "इंदुताई, कानाशी भोंगा वाजून राहिला तर कोणाले काय ऐकू येईन? यायले दूर बसवा लागते."

आणि बसवलेही दूर. ऐकणारा डबा टेकडीच्या माथ्यावर, बोलणारा तीनशे पावलं लांब, एका जुन्या चौकीत. मधून झाडांवरून वायर ओढली. वायरीच्या जोडांवर स्टोअरमधली चिकटपट्टी उन्हानं सुटून यायची. म्हणून त्यांनी घरची रीत वापरली: जोडांवर सुताचे घट्ट वेढे, आणि वरून पिठाची खळ, मागावर चढवण्याआधी सुताला लावतात तशी. वाळल्यावर जोड लाकडासारखा कडक.

पहिल्यांदा पलीकडून ड्रायव्हर गोविंदाचा आवाज माझ्या कानात आला तेव्हा मी सगळ्यांसमोर रडले. लाज वगैरे काही वाटली नाही. चंपतरावांनी साहेबांकडून एक नियम लिहून घेतला: "सगळे उतरलो" असं जीपवरून ऐकल्याशिवाय लाइन सोडायची नाही, म्हणजे तारांत वीज सोडायची नाही. मग काय, गँगवाल्यांनी घड्याळाकडे बघणंच सोडलं. काम होईल तसं उतरायचं.

मार्चमधल्या एका मंगळवारी गोविंदानं अकराला कळवलं, जयवंता आणि आणखी दोघं टॉवरवर चढले. तीनला मी हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. काहीच नाही. चंपतराव आले, त्यांनी बटण दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"डबे कालच तपासले, वायरच तुटली," ते म्हणाले. "टेकडीवर वांदरं हायेत. मी वायरले पीठ लावलं, इंदुताई. वांदरायच्या तोंडाशी नेऊन खायले ठेवलं."

चार वाजले. दवाखान्याचा फोन, गिरण्यांचा फोन, वरच्या साहेबांचा फोन. आमचे साहेब घामाघूम झाले. "पूर्वीसारखं घड्याळावर चाला," ते म्हणाले. "चारला उतरायची त्यांना सवय आहे. सोडा लाइन."

मी तोंड उघडणार, तोच चंपतराव पुढे झाले. साहेबांसमोर मान वर न करणारा हा माणूस थेट त्यांच्या टेबलाला टेकून उभा राहिला. "आता सवय राहिली नाही, साहेब. ती माह्या डब्यायनं मोडली. आपला आवाज गेल्याबिगर लाइन सुटत नाही म्हणून ते वर हायेत. आवाज नाही आला म्हणजे वरच हायेत, असं धरा. चूक माही हाय. नोकरी घ्या, पण लाइन सोडू नका."

"किती वेळ?"

"मी टेकडीवर पोचेपर्यंत."

साहेबांनी साडेपाचपर्यंत मुदत दिली. चंपतराव हाती लागली ती बिनसेटची जीप घेऊन निघाले. मी स्विचवाल्या माणसाच्या खुर्चीशेजारी उभी राहिले. त्यानं हात हलवला असता तर मी चावले असते, खोटं कशाला सांगू?

पाच वाजून वीस मिनिटांनी कानात खरखर झाली आणि गोविंदाचा आवाज आला. "काहून वं ताई, मघापासून चूप काहून हायेस? तिघंबी वरच हायेत अजून. जयवंता म्हणते, आणखी घंटाभर लागन."

साहेबांनी स्वतः फोन उचलून दवाखान्याला आणि गिरण्यांना आणखी थांबायला सांगितलं. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी जयवंताचा स्वतःचा आवाज ऐकला, "ताई, सगळे उतरलो," आणि मग लाइन सुटली.

चंपतराव मात्र परत येईनात. आठच्या सुमाराला त्यांच्यासोबत गेलेल्या ड्रायव्हरनं त्यांना आणलं. वायरीचा मधला तुकडा वानरांनी तोडून नेला होता. घाईत चंपतरावांनी सोबत वायर घेतली नव्हती. उरलेली दोन टोकं ओढून ओढून जेमतेम एकमेकांना लागत होती, पीळ द्यायलाही पुरत नव्हती. म्हणून ड्रायव्हरला दगड घेऊन वानरं हाकायला बसवलं आणि पाच वीसपासून जयवंता उतरेपर्यंत, सव्वा तास, ह्या माणसानं ती दोन टोकं चिमटीत धरून ठेवली होती.

मी त्यांच्यासमोर चहा ठेवला. त्यांची बोटं चिमटीतून सुटत नव्हती. कप मलाच धरावा लागला.