बुरुलच्या कानातले डूल

मी झारकीन, नारीन गावच्या दवाखान्यातली नर्स. तीस वर्षं सुया टोचतेय, पण बुरुलच्या वेळी माझी जीभ नेमकी टाळ्याला चिकटली.

बुरुल माझ्या शेजारणीची, सेयिलकानची थोरली मुलगी. एकोणीस वर्षांची, शिवणात हुशार, बोलायला तिखट; मला एजे, म्हणजे ताई, म्हणते. तिला ल्युपस झाला. अंगाची राखण करणारी ताकदच अंगावर उलटते, तो आजार. मग तिच्या कानात माणसं बोलायला लागली. बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, हे वेड नाही, तोच आजार मेंदूत गेलाय, गोळ्या चुकवू नका. गोळ्यांनी आवाज गेलेसुद्धा! पण पोरीचं तोंड भाकरीसारखं फुगलं.

तेवढ्यात स्थळ आलं. मुलाची आई येऊन कानात डूल घालणार, म्हणजे लग्न पक्कं. सेयिलकानने गोळ्या आधी अर्ध्या केल्या, मग बंदच. तोंडाची सूज उतरली आणि आवाज परतले. बुरुल भिंतीशी भांडायला लागली.

मी म्हटलं, गोळ्या सुरू कर, आणि तोवर आवाजांसाठी इथल्या मनोरुग्णांच्या डॉक्टरला चिठ्ठी लिहिते. सेयिलकानने माझा हातच धरला. तिथल्या वहीत एकदा नाव चढलं की जन्मभर पुसत नाही, मग धाकटीलाही कोण करून घेणार?

"डूल पडू देत कानात," ती म्हणाली, "मग लिही काय लिहायचं ते."

मी नाही लिहिलं. जळो माझं तोंड!

पाहुणे आले. मेंढी कापली. मुलाच्या आईने हनुवटी धरून बुरुलचं तोंड निरखलं, पसंत केलं, डूल घातले. बुरुल जराशी मान तिरकी करून ऐकत बसली. मग शांतपणे म्हणाली, "यातूनच बोलतायत." आणि दोन्ही डूल तिने पाळ्या फाडून ओढून काढले.

मुलाच्या आईने डूल उचलले, चहात बुडवून रक्त धुतलं, रुमालात बांधले आणि माणसं घेऊन निघून गेली.

मग कुठे पोरीला बिश्केकला नेलं. महिनाभर सलाईन, पुन्हा गोळ्या. आता आवाज नाहीत, डोकं लख्ख चालतं. तोंड मात्र पुन्हा सुजलंय. सेयिलकान गावाला सांगते, थोरली मॉस्कोला कामाला गेली. बुरुल मागच्या खोलीत पडदा ओढून बसते, आणि कुणी आलं की शिवणयंत्रही थांबवते.

काल मी सुई द्यायला गेले, तेव्हा बाहेर सेयिलकान कुणाला तरी मॉस्कोच्या थंडीचं सांगत होती. बुरुलने सगळं ऐकलं.

"एजे," ती मला हळूच म्हणाली, "डोकं फिरलं होतं तेव्हा निदान कुणीतरी माझ्याशी बोलायचं."