एकनाथरावांच्या नावावरची लाइन

त्रिवेणी आमच्या बियाण्यांच्या कंपनीत नव्वद साली लागली, पण टेलिफोनच्या यादीत तिचं नाव कधीच नव्हतं. का, ते ऐकाल तर डोकं फिरेल! नारायणगुड्याच्या हेडऑफिसात रीतच होती, फोनवर बाईचं नाव घालायचं नाही. घातलं की फालतू लोक फोन करून छळतात, म्हणे. म्हणून तिची लाइन शेजारच्या टेबलावरच्या एकनाथरावांच्या नावावर, माझी आणखी कुणाच्या तरी. छळणाऱ्या मेल्यांना मात्र कुणी जाब विचारला नाही.

त्याच लाइनवरून त्रिवेणी रोज सकाळी नांदेड, लातूर, बिदर, निझामाबाद असे सगळे डेपो एकदम जोडायची. कुठे माल संपला, कुठली गाडी कुठे वळवायची, सगळं तीच ठरवायची. दिलसुखनगरहून बसने घामाघूम होऊन यायची आणि पदर खोचून कामाला लागायची. एकनाथराव माणूस भला, पण कॉन्फरन्समध्ये त्यांनी कधी 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही; तरी डेपोवाल्यांच्या लेखी तो फोन एकनाथरावांचाच. पुढे ते रिटायर झाले. लाइन त्यांच्याच नावावर राहिली.

उदारीकरणानंतर काही वर्षांनी कंपनीत बाहेरचा पैसा आला आणि जुनं एक्स्चेंज काढून कॉम्प्युटरवालं बसवलं. जुना डेटा नव्यात चढवताना मशीन बसवायला आलेल्या टायवाल्या पोरांनी रिटायर झालेल्यांच्या लाइनी सरसकट उडवल्या. त्रिवेणीची लाइन गेली, तिने जोडलेला डेपोंचा गटही गेला. सकाळी रिसीव्हर उचलते तर फोन डेड! आणि पेरणी तोंडावर आलेली.

आमचे मॅनेजर अप्पाराव म्हणाले, "अम्मा, काइकु परेशान होते? नव्या मशीनमध्ये कॉन्फरन्स संदेशच्या नावावर घालतो. तू बाजूला बसून त्याला सांग."

संदेश म्हणजे कालपरवा लागलेला क्लार्क. माझ्या तर अंगाचा नुसता तिळपापड झाला. "साहेब, काम हिचं नि नाव त्याचं? लाज वाटत नाही?" मी बोलून गेले.

त्रिवेणी शांतपणे उठली. "नक्को साहेब. माझं नाव घाला. नाहीतर डेपो तुम्हीच जोडा."

डेपोवाले सकाळपासून बोंबलत होते. अप्पारावांनी गुमान टायवाल्याला बोलावलं. तो नाव टाइप करेपर्यंत त्रिवेणी त्याच्या मागून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली कॉन्फरन्स. नव्या मशीनची तऱ्हा अशी, की आत शिरताना प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं, ते सगळ्यांना ऐकू जातं. तिने नाव सांगितलं. मग वर्षानुवर्षं तिच्याशी रोज बोलणारे नांदेडचे हिम्मतराव स्पीकरवर म्हणाले, "ही कोण त्रिवेणी? एकनाथरावांच्या बाईंना काढलं की काय?"

तिचा चेहरा मी पाहिला. असा अपमान तिच्या आयुष्यात कुणी केला नसेल, आणि करणाऱ्याला पत्ताही नाही!

"त्रिवेणी मीच, हिम्मतराव," ती म्हणाली. "इतकी वर्षं मीच होते. बोला, नांदेडला किती पोती पाहिजेत?"