बिनमाणसाचं दुकान

स्नेहलता राऊतची आणि इगुची-सानची ओळख कचऱ्यावरून झाली. तोक्योतल्या निशी-कसाईला बिऱ्हाड थाटून तिला आठवडाही झाला नव्हता. जळणारा कचरा उचलण्याच्या दिवशी तिने काचेच्या बाटल्या खाली नेऊन ठेवल्या, आणि तळमजल्यावर राहणाऱ्या एक वृद्ध बाई ती पिशवी जशीच्या तशी उचलून तिच्या दारात घेऊन आल्या. कमरेत वाकल्या, पिशवी हातात दिली, पुन्हा वाकल्या आणि निघून गेल्या. स्नेहलता शरमेने अर्धी झाली. दुसऱ्या दिवशी ती वाटीभर शिरा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. इगुची-साननी शिरा खाल्ला आणि वाटी परत देताना तिच्यात चार संत्री घातली. रिकामी वाटी परत करायची नाही, हे दोघींच्याही घरचं वळण निघालं.

इगुची-सान प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. निवृत्तीनंतर त्या पूर्व झांबियातल्या मटावाले नावाच्या खेड्यात दोन वर्षं शिकवून आल्या होत्या. परतल्यावर त्यांनी आसपासच्या बायकांचं एक मंडळ काढलं. जुन्या किमोनोच्या कापडाच्या पिशव्या शिवायच्या, वॉर्डाच्या जत्रेत विकायच्या, आणि त्या पैशांतून मटावालेच्या शाळेतल्या मुलांना दुपारचं जेवण द्यायचं, एवढंच मंडळाचं काम. स्नेहलता मंडळात आली तशी पिशव्यांच्या शेजारी कोथिंबीरवड्याही विकल्या जाऊ लागल्या, आणि जत्रेत मंडळासमोर रांग लागू लागली.

स्नेहलता मूळची केळव्याची. वडिलांची भाजीपाल्याची वाडी होती. बी.कॉम. होऊन तिने पालघरच्या पतपेढीत काही वर्षं नोकरीही केली होती. नवऱ्याला, उदयला, त्याच्या कंपनीने कावासाकीच्या कचेरीत आणलं आणि तिची नोकरी सुटली. जपानी बोलता येऊ लागल्यावर तिने स्टेशनजवळच्या डबे करणाऱ्या दुकानात सकाळचा बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, धरला. भात भरायचा, लोणच्याचा तुकडा ठेवायचा, झाकण लावायचं. हात चालत, डोकं मात्र रिकामं राही. मंडळाने ते भरलं.

मग दोन हजार अकराच्या मार्चमधला तो भूकंप झाला, आणि मागोमाग त्सुनामी आली. गाड्या बंद पडल्या आणि उदय कावासाकीहून चालत घरी आला. तो येईपर्यंत इगुची-सान स्नेहलताचा हात धरून तिच्या स्वयंपाकघरात बसून होत्या. पुढच्या महिन्यात मंडळाची बैठक भरली. इथून पुढे जमेल ते सगळं उत्तरेकडच्या वाहून गेलेल्या गावांसाठी द्यायचं, असं ठरलं. कोणीही विरोध केला नाही, स्नेहलतानेही नाही.

"आणि मटावाले?" तिने एवढंच विचारलं.

"साठलेल्यातून तीन वर्षं पुरवता येईल. मग थांबायचं," इगुची-सान म्हणाल्या. "तोपर्यंत शाळा स्वतःच्या पायावर उभी राहिली, तर चूल पेटती राहील. नाही राहिली, तर लांबून चालत येणारी मुलं यायची बंद होतील. आधी मुली बंद होतात. मी पाहिलं आहे." मग त्यांनी स्नेहलताकडे पाहिलं. "तुम्ही शेतकऱ्याच्या घरच्या आहात आणि व्यापार शिकला आहात. हे काम तुमचं."

स्नेहलताने ते काम घेतलं. शाळेच्या मुख्याध्यापिका एस्नार्ट टेम्बो महिन्यातून एकदा बसने तालुक्याच्या गावी जात आणि तिथून स्काइपवर बोलत. स्नेहलता त्यांना टेम्बोबाई म्हणे. शाळेच्या मागे पडीक जमीन होती, विहीर होती. भुईमूग, मका, पालेभाजी आणि थोड्या कोंबड्या असं ठरलं. पालकांनी जमीन नांगरून दिली. पहिल्याच पावसाळ्यात पीक असं आलं की टेम्बोबाईंनी लॅपटॉप वळवून बसमधून आणलेली भाजीची टोपलीच दाखवली. आता मुलांचं पोट भरून उरेल ते विकायचं, आणि त्या पैशांत बियाणं, मीठ, तेल आणि स्वयंपाकिणीचा पगार भागवायचा.

पण विकायला बसणार कोण? शिक्षक मोजके होते, आणि आया आपापल्या शेतात राबत. इथे स्नेहलताला मासुदा आजोबांची मांडणी आठवली. त्यांच्या एदोगावा वॉर्डात अजूनही कोमात्सुना पिकवणारे थोडे शेतकरी आहेत. कोमात्सुना म्हणजे आपल्या मोहरीच्या पाल्याची सौम्य बहीण. नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मासुदा आजोबांनी फळ्यांची एक मांडणी ठेवली होती. वर जुड्या, बाजूला पत्र्याचा डबा. नाणं डब्यात टाकायचं, जुडी घ्यायची, चालू लागायचं. मांडणीवर माणूस नसतो आणि कोणी जुडी लबाडीने उचलतही नाही. स्नेहलताला या मांडणीचं पहिल्या दिवसापासून कौतुक होतं. तिने चारी बाजूंनी फोटो काढून पाठवले. मटावालेच्या सुताराने तशीच मांडणी हुबेहूब केली आणि ती हमरस्त्यावर उभी राहिली.

भाजी विकली गेली नाही.

पहिल्या महिन्यात स्नेहलता म्हणाली, पाटी मोठी करा. दुसऱ्या महिन्यात म्हणाली, दर कमी करा. मग मांडणीवर सावली केली. भाजी संध्याकाळपर्यंत कोमेजून परत शाळेत येई. दर वेळी टेम्बोबाई स्क्रीनवर हसून म्हणत, "आम्ही शिकतो आहोत, मिसेस राऊत."

"तुझी भाजी तिकडे दृष्ट काढायला ठेवत असतील," उदयने एकदा जेवताना टोमणा मारला. त्यांची मुलगी नुपूर जपानीतच खुदखुदली. स्नेहलताने त्या दिवशी दोघांनाही दुसऱ्यांदा वाढलं नाही.

मंडळातल्या एक बाई बैठकीत हळूच म्हणाल्या, "डब्यातले पैसे कोणी नेत असेल का?" इगुची-सानचा चेहरा बदलला. त्यांनी पुढच्या स्काइपला टेम्बोबाईंना सरळच विचारलं.

"नाही, सेन्सेई," टेम्बोबाई म्हणाल्या. सेन्सेई म्हणजे शिक्षिका; मटावालेत इगुची-सानना सगळे तसंच म्हणत. "पैसेही जात नाहीत आणि भाजीही जात नाही."

आठ महिने असे गेले. शेत उत्तम, डबा रिकामा, आणि मंडळाची निम्मी मुदत सरलेली. स्नेहलताला डबे भरताना घाम फुटे. मटावालेच्या मुलींना तिने टेम्बोबाईंनी पाठवलेल्या फोटोंत पाहिलं होतं, रांगेत ताटल्या घेऊन उभ्या असलेल्या. त्यांची जेवणं तिच्या एका कल्पनेवर टांगलेली होती.

दोन हजार बाराच्या शरदात टेम्बोबाई मुख्याध्यापकांच्या एका प्रशिक्षणासाठी तोक्योला आल्या. रविवारी स्नेहलताने त्यांना घरी जेवायला बोलावलं. स्टेशनवरून येताना ती त्यांना मुद्दाम नदीच्या रस्त्याने घेऊन आली. मूळ मांडणी तरी बघू देत, असा तिचा विचार.

"ही बघा. आपल्याकडे आहे तीच," स्नेहलता अभिमानाने म्हणाली. "घ्या ना एक जुडी. आज हीच भाजी करू."

टेम्बोबाई मांडणीसमोर उभ्या राहिल्या. उंच, धिप्पाड बाई. त्यांनी दोन्ही हात समोर जोडून धरले आणि त्या नुसत्या उभ्याच राहिल्या. स्नेहलताला वाटलं, सुट्टी नाणी नसतील. तिने पर्स उघडली.

"नाणं आहे माझ्याकडे," टेम्बोबाई म्हणाल्या. "पण घेऊ कोणाकडून?"

"डब्यात टाका. मासुदा आजोबांना मिळतं ते."

"कुठे राहतात ते?"

स्नेहलताने शेतापलीकडचं घर दाखवलं. टेम्बोबाई सरळ चालू लागल्या. स्नेहलता मागून अहो, अहो करत राहिली, कारण इथे कोणाच्या दारात असं न कळवता जात नाहीत. टेम्बोबाईंनी फाटकाशी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्यांच्याकडच्या नमस्काराच्या, हलक्या, ओंजळीतल्या ओंजळीत. मासुदा आजोबा बूट घालायचेही विसरून बाहेर आले. टेम्बोबाई गुडघ्यात किंचित वाकल्या आणि त्यांनी आपल्या भाषेत विचारपूस केली. आजोबा कमरेत वाकले. त्या पुन्हा वाकल्या. आजोबांनी जपानीत काहीतरी पावसाबद्दल सांगितलं. टेम्बोबाईंनी मान डोलावून आपल्या भाषेत बहुधा पावसाबद्दलच उत्तर दिलं. मग त्यांनी नाणं दोन्ही हातांनी आजोबांच्या हातात ठेवलं. आजोबा शेतात शिरले, ताज्या जुड्या उपटून आणल्या, आणि किती दिल्या याचा हिशेबच ठेवला नाही.

परत येताना दोघींच्या हातांत पानांचा भारा होता.

"तुमच्याकडे मांडणीसमोर लोक थांबतात का?" स्नेहलताने विचारलं.

"थांबतात की. थांबून वाट बघतात. कोणी येत नाही, मग जातात. ज्याने पिकवलं त्याला बरे आहात ना असंही न विचारता त्याचं पीक उचलून न्यायचं? आमच्याकडे हे बरं दिसत नाही. एक म्हातारे गृहस्थ तर मला म्हणाले, शाळेत कोणी वारलंय का, दुकान असं उघडं टाकून गेलात?"

"मग मला सांगितलं का नाही तुम्ही?"

टेम्बोबाई थांबल्या. "तुम्ही फोटो पाठवलेत, चारी बाजूंनी. आम्हांला वाटलं, मदतीची ती अट आहे."

आठ महिने स्नेहलता पाटी बदलत होती, दर बदलत होती, आणि तुमच्याकडे बाजार कसा करतात एवढा साधा प्रश्न तिने एकदाही विचारला नव्हता. केळव्याच्या वाडीत वाढलेल्या मुलीने. तिचे वडील गिऱ्हाइकाला बसायला घोंगडी टाकल्याशिवाय वांगी दाखवत नसत.

"अट नव्हती," ती म्हणाली. "माझं चुकलं."

"मग मोडू?"

"मोडा. आणि त्या फळ्यांचं बाक करा."

घरी तिने कोमात्सुनाची भाजी केली. शेवटी दाण्याचं कूट घालायला डबा उघडला तेव्हा टेम्बोबाई पदार्थ ओळखून खुर्चीवरून उठल्याच. "हे आमचं आहे. आम्ही भोपळ्याच्या पानांत घालतो. पण तुम्ही दाणे भाजलेत कशाला?"

"भाजल्याशिवाय वास कसा येणार?"

"कच्चंच चांगलं लागतं."

"तुम्ही खाऊन तर बघा."

उदय म्हणाला, "टेम्बोबाई, या घरात हा वाद जिंकता येत नाही. मी अठरा वर्षं प्रयत्न करतोय." टेम्बोबाईंनी तीनदा भाजी मागून घेतली, तरी कच्चंच चांगलं हे त्यांनी सोडलं नाही.

पुढचं काम मटावालेने केलं, आणि स्नेहलता ते ऐकत गेली. बाक चिंचेच्या झाडाखाली ठेवलं गेलं. शाळेतल्या मुलांच्या आज्या पाळीपाळीने बसू लागल्या. त्यांना शेतातलं जड काम होत नव्हतं, पण सगळं गाव त्यांच्या ओळखीचं होतं. लोक थांबत, विचारपूस करत, बसत. उठताना रिकाम्या हाताने उठणं बरं दिसत नाही, म्हणून काहीतरी घेत. बसवालेही तिथे गाडी थांबवू लागले. कुटाची पाकिटं सुरू झाली, कच्ची आणि भाजलेली, दोन्ही. भाजलेलं कूट अधिक खपतं ही बातमी टेम्बोबाईंनी फार उशिरा, आणि तीही दुसऱ्याच विषयात घुसडून दिली. मधे एकदा साथीत सगळ्या कोंबड्या गेल्या. स्नेहलता दोन रात्री झोपली नाही. तिकडून निरोप आला की आज्यांनी घरोघरून एकेक तलंग, तरणी कोंबडी, गोळा केली आहे.

दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये मंडळाची बैठक तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत भरली. शेवटची रक्कम पाठवायची होती. इगुची-साननी पाकीट समोर ठेवलं होतं. स्क्रीनवर टेम्बोबाई आल्या. या वेळी त्या एकट्या नव्हत्या. मागे दोन आज्या ताठ बसल्या होत्या, डोक्याला नवीकोरी फडकी बांधून.

"सेन्सेई, हे पैसे पाठवू नका," टेम्बोबाई म्हणाल्या. "या वर्षी जेवण आमचं आहे. हे तुमच्या समुद्राकाठच्या वाहून गेलेल्या शाळांना द्या. आज्या म्हणतात, आमच्याकडून द्या."

इगुची-सान गुडघ्यांवर बसल्या होत्या, तशाच स्क्रीनसमोर खाली वाकल्या, कपाळ जवळजवळ तातामीला टेकेपर्यंत. तिकडे दोन्ही आज्यांनी ओंजळीत टाळ्या वाजवल्या.

स्नेहलता घरी आली तेव्हा उदय दारातच होता. "काय झालं? पाठवले?"

"नाही. त्यांनी घेतले नाहीत. नको म्हणाल्या."

"नको म्हणाल्या?" उदयने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "मग तू एवढी हसतेयस का?"

स्नेहलताने पिशवी घेतली आणि ती मासुदा आजोबांकडे निघाली. आता ती मांडणीवरून भाजी उचलत नसे. फाटकाशी उभी राहून हाक मारी. आजोबांना आज मटावालेची बातमी सांगायची होती, आणि ते संध्याकाळी लवकर दार लावून घेत.