उसना वजनकाटा

“किती न्हाई काका, कसं खाल्लं ते इचारा.” मी “आज किती गेलं?” विचारलं की असं म्हणून ती चमचा वाटीच्या काठावर निथळायची आणि पुन्हा मुलाच्या ओठांजवळ न्यायची.

नांदेडला आमच्या शेजारच्या घरात ती भाड्यानं राहायची. माहेर उमरीचं, नवरा हैदराबादला कामाला. सात वर्षांच्या मुलाच्या मेंदूला आजार होता. आधी चालणं गेलं, मग बोलणं, आता गिळणं जाऊ लागलं होतं. वाटीभर मऊ वरण-भात भरवायला तिला तास लागायचा. लसणाच्या फोडणीचा वास आला की पोरगं मान वळवायचं. “बघा, नवाबसाहेब जागे झाले,” ती म्हणायची.

मला आकड्यांची सवय. घरातला वजनकाटा मीच तिला नेऊन दिला. दर रविवारी ती मुलाला कडेवर घेऊन त्यावर उभी राहायची, मग एकटी. वजाबाकी मी करायचो. आकडा उतरत गेला तसा मी तो गल्लीत सांगत गेलो. तुम्हीही सांगितला असता. काळजीच वाटायची ती. मग बायका कुजबुजू लागल्या, आई पोराला उपाशी ठेवते.

दवाखान्यात मी सोबत होतो. डॉक्टर तिला म्हणाले, “पोटात नळी बसवता येते. वजन धरेल. पण आजार थांबणार नाही, ठसका थांबेलच असंही नाही. हातानं जमेल तेवढंच भरवायचं ठरवलंत, तरी त्यात तुमची चूक नाही.” नवरा फोनवर म्हणाला, “तुला वाटंल तसं कर.”

तिला नळी नको होती. “त्याला आता तेवढीच एक गंमत उरली हाय काका, जिभंची.”

मी म्हणालो, “आणि उद्या लोक काय म्हणतील? आईनंच उपाशी मारलं?”

पुढच्या आठवड्यात नळी बसली.

वजन वाढलं. मी खूश. गिळणं आणखी बिघडलं तेव्हा तोंडानं द्यायचं बंदच झालं. आता “आज किती गेलं?” विचारलं की ती नेमका आकडा सांगायची, आणखी काही नाही. फोडणी मात्र रोज करायची, वास त्याच्यापर्यंत जाईल अशी कढई धरायची. हळूहळू त्याची मान वळेनाशी झाली.

तो आणखी वर्षभर राहिला. नळी नसती तर किती राहिला असता, ठाऊक नाही. पुन्हा मी ‘किती’च म्हणतोय.

तो गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, त्या वजाबाकीत तिचाही आकडा असायचा, आणि तोही रविवारमागून रविवार उतरत होता. मी तो फक्त वजा करायला वापरला.

काही महिन्यांनी ती शिरूर अनंतपाळला सासरी राहायला निघाली. त्या सकाळी काटा परत घेऊन आली. लख्ख पुसलेला, वर शिऱ्याची वाटी. उसनं आणलेलं रिकामं परत देत नाहीत. मी काहीतरी बोलणार, तोच म्हणाली, “किती हाय ते बघू नका. कसा झालाय ते सांगा.”

मी घास घेतला. दारात टेम्पो सुरू झाला, ती जाऊन बसली. टेम्पो गल्लीच्या कोपऱ्यावर वळला तरी घास तोंडातच होता. गिळवत नव्हता. कसा झालाय ते सांगायचं राहिलं.