आभाळाला ओळख नव्हती

नाना गेल्याचं त्यांच्या मुलाने, भाऊने, शेजारच्यांच्या फोनवर कळवलं, तेव्हा मला आधी हायसं वाटलं. सुटले बिचारे, असंच मनात आलं. रडू आलं ते नंतर, एरंडोलची एसटी जळगाव सोडून शिवारात शिरली तेव्हा.

नाना माझे थोरले मामा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात आणि तिच्याखाली मातीची चार ढेकळं ठेवतात, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. जे ढेकूळ भिजेल, त्या महिन्यात पाऊस. गाव ती पेरणीसाठी पाहायचं. नाना मात्र स्वतःला तपासायचे. एखादं ढेकूळ कोरडं राहिलं की त्या महिन्यात त्यांचं मौन, एकवेळचं जेवण आणि रोज पहाटे बांधावर हात जोडून उभं राहणं. "आभायमा आपलंच मन दखास, पोरी," म्हणायचे; आभाळात आपलंच मन दिसतं. मामी चिडवायची, "यास्नं मन बिघडनं का बठ्ठा घरले उपास!" सुट्टीत मीही त्यांच्याशेजारी उभी राहायचे. देवळात मला देव कधी भेटला नाही... जो काही भेटला, तो त्या बांधावर.

एके वर्षी श्रावणाचं ढेकूळ पार विरघळलं. नाना हरखून गेले. "औंदा मन भरेल शे!" श्रावण आलाही तसाच. कपाशी तरारली, पद्मालयाच्या देवळाच्या वाटेवर पाय टाकावा तिथे गवत. त्या हिरवाईत त्यांच्या धाकट्या लेकीला, सुमनला, ताप भरला. दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली, तर नाल्याला पूर. पलीकडे जाताच आलं नाही. पाणी उतरेपर्यंत सुमन गेली होती.

पुढच्या आखाजीला मामीने ढेकळं आणली. नानांनी ती उचलून उकिरड्यावर टाकली आणि घागर नुसत्या जमिनीवर ठेवली. मी तेव्हा नोकरीला लागले होते, चार समजुतीच्या गोष्टी सांगायची हौस होती. म्हटलं, "नाना, यात तुमचा काय दोष?"

त्यांनी हातांची माती झटकली. मग म्हणाले, "दोष ऱ्हाता ते बरं व्हतं. मन्हं चुकनं, आसं तरी म्हनता येतं. आभायले मन्ही वयखच नही."

आभाळाला त्यांची ओळखच नव्हती. त्यानंतर नाना शेती करत राहिले, जेवले, लग्नाकार्याला गेले. काळ औषध असतो असं लोक म्हणतात. त्यांना ते लागू पडलं नाही. बांधावर ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

दहाव्यानंतर मी त्यांच्या खोलीत गेले. कोंदट वाटलं म्हणून शेताकडची खिडकी उघडायला गेले, तर ती आतून खिळे मारून बंद केलेली. भाऊ म्हणाला, "सुमन गयी तवय ठोकेल शे. आमी कोनी हात नही लावा." त्याने पकड आणली. खिळे गंजलेले होते, एकेक करून निघाले.

समोर शेत, वर लख्ख निळं आभाळ. सवयीने माझे हात जुळले. थोडा वेळ तशीच उभी राहिले... बांधावर भेटायचा तो भेटला नाही. मग हात खाली घेतले आणि खिडकी लावून टाकली.